घरपोच आणण्याचे पैसे दिले, मग वर टीप कशाला?

आजचा विषय एका गटाच्या बैठकीतून आला. एका ताईंची लेक पुण्यात नोकरीला आहे. ती मोबाईलवरून जेवण मागवते. बिलात घरपोच आणण्याचे पैसे लावलेले असतात, आणि तरी मोबाईल विचारतो, आणणाऱ्याला टीप देणार का? ताईंचं म्हणणं, पोचवायचे पैसे एकदा दिले, मग पुन्हा कशाला? शेजारी बसलेल्या ताईंचा मुलगा नेमकं तेच काम करतो, पाठीला ती चौकोनी पिशवी अडकवून. त्या म्हणाल्या, ते पैसे सगळे माझ्या पोराला मिळत असते तर मी पण हेच म्हटलं असतं. बोलणं तिथंच अडलं.

म्हणून आधी ते बिल वाचू या. पहिल्यांदा पदार्थांची किंमत. त्यावर ५ टक्के जीएसटी. मग पॅकिंगचे पैसे. मग डिलिव्हरी फी, म्हणजे घरपोच आकार. आणि प्लॅटफॉर्म फी नावाची आणखी एक ओळ. ही ओळ २०२३ साली २ रुपयांनी सुरू झाली आणि बघता बघता दहाच्या वर गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून डिलिव्हरी फीवरही १८ टक्के जीएसटी लागतो. एवढ्या ओळी वाचून माणसाला वाटणारच की आपण सगळ्यांचं देणं दिलं.

पण डिलिव्हरी फी भरतो ती कंपनीकडे. पोराच्या हातात काय पडायचं, ते कंपनी वेगळ्या हिशेबाने ठरवते: अंतर किती, वेळ किती लागला, दिवसभरात किती फेऱ्या झाल्या. तुम्ही वर्गणी भरून ‘फ्री डिलिव्हरी’ घेतली आणि फीच्या जागी शून्य आलं, तरी त्याला त्या फेरीचे पैसे मिळतात. आणि पन्नास रुपये फी लागली, म्हणून पन्नास त्याला मिळाले असंही नाही. गिरणीत आपण दळणाचा दर मालकाला देतो. पट्टा घालणाऱ्या गड्याचा पगार मालक आणि गडी यांच्यात ठरतो. तसंच हे.

मग पोराला मिळतात तरी किती? झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी जानेवारी २०२६ मध्ये आकडे जाहीर केले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे २०२५ साली, टीप सोडून, तासाला सरासरी १०२ रुपये पडले. रोज १० तास आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर साडेसव्वीस हजार होतात. पेट्रोल आणि गाडीची दुरुस्ती पोराच्याच खिशातून, ती वजा जाता एकवीस हजारांच्या आसपास राहतात. आकडे कंपनीचे आहेत आणि सरासरी आहेत, तेव्हा कुणाला जास्त, कुणाला कमी. त्यातूनच गाडीचा हप्ता आणि शहरातल्या खोलीचं भाडं जातं.

टीप किती मिळते, तेही त्यांनी सांगितलं. शंभरातल्या साधारण ५ ऑर्डरींवर. तासाला सरासरी २ रुपये ६० पैसे. दहा तास उन्हात गाडी फिरवली की दिवसाला २६ रुपये. एवढ्यात काय येतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. टीप पूर्णच्या पूर्ण पोराला देतो, असं कंपनी सांगते.

तेव्हा माझं उत्तर असं. टीप देणं हे देणं लागत नाही, पण दिली तर ती डबलही होत नाही. फी कंपनीच्या सोयीची, टीप त्या माणसाच्या कष्टाची. मुसळधार पावसात आला, लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर चढला, पत्ता सापडेना तरी चिडला नाही, अशा वेळी दहा-वीस रुपये हातावर ठेवावेत. ऐपत नसेल, तर पाण्याचा तांब्या विचारावा. तोही नको म्हणतात बरेच जण, कारण पुढची ऑर्डर वाजत असते.

द्यायचीच तर जेवण हातात पडल्यावर द्यावी, आधी नाही. आधी मागितलेली टीप म्हणजे बोली लावण्यासारखं होतं. मे २०२५ मध्ये उबरच्या गाड्यांच्या बाबतीत हेच झालं. गाडी लवकर हवी तर आधीच टीप द्या, अशी सोय त्यांनी ठेवली होती. त्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांना नोटीस दिली.

आता दुसरी बाजू. टीप मिळते म्हणून कंपनीने मजुरी कमी धरायची, हे चालणार नाही. अमेरिकेत डोअरडॅश नावाच्या कंपनीने ते केलं. ठरलेली मजुरी भरताना गिऱ्हाइकाने दिलेली टीपच त्यात मोजली. म्हणजे गिऱ्हाईक द्यायचं पोराला आणि वाचायचा कंपनीचा खिसा. ही पद्धत २०१९ मध्ये बंद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करून कंपनीने १ कोटी साडेसदुसष्ट लाख डॉलर द्यायचं कबूल केलं.

आपल्याकडे या प्रश्नाला जुना शेजार आहे. मार्केट यार्डात माल नेला की पट्टीत हमाली, तोलाई लिहिलेली असते. एके काळी हमालाला त्या दिवसाची मजुरी मिळाली की संपलं. पाठ मोडली तर घरी बसायचं. अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत, वर मालकाकडून लेव्ही, त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस, दवाखाना. कुणाच्या खुशीवर काही ठेवलं नाही.

डिलिव्हरीच्या पोरांसाठी तसली वाट आता कुठे निघते आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अशा कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीतले १ ते २ टक्के कामगारांच्या निधीत भरायचे आहेत. मात्र ही रक्कम कामगारांना दिलेल्या पैशाच्या ५ टक्क्यांपुढे जाणार नाही. राजस्थानने तर २०२३ सालीच वेगळा कायदा केला.

जाता जाता गॅसचं सांगते, कारण आपल्या दारात रोज येणारा प्रश्न तोच आहे. सिलिंडरच्या किमतीत घरपोच आणण्याचा आकार आधीच धरलेला असतो. तुम्ही स्वतः गोदामातून सिलिंडर उचललात, तर तेवढी रक्कम कमी करून मिळायला हवी. वितरकाच्या घरपोच हद्दीत राहून गाडीवाला वरचे तीस-चाळीस मागत असेल, तर ती बक्षिसी नव्हे. पावतीवर आहे तेवढेच द्यायचे. पावती मागायची, आणि ऐकत नसेल तर १८००-२३३३-५५५ या फुकट नंबरवर तक्रार करायची. दिवाळीची पोस्त आपण खुशीने देतो, ती वेगळी. या दोन्ही माणसांना एका मापाने मोजू नका. एकाने मागितलेलं नसतं, दुसरा अडवून मागतो.

ज्यांची मुलं हे काम करतात त्यांनी एक करा. मुलगा सुट्टीला आला की त्याची ई-श्रमवर नोंद झाली आहे का विचारा. अशा कामगारांची नोंद तिथे होते, आणि फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यांना ओळखपत्र आणि आयुष्मान योजनेत दवाखान्याची सोय द्यायचं जाहीर झालं आहे. आधार, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँकेचं पासबुक लागतं. नोंदणीला पैसे पडत नाहीत.