परसातली कोंबडी : समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, खत, पाणी सोडून कोंबडीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण शिवारफेरीत बोलणे उसावरून सुरू होते आणि घरी चहा घेईपर्यंत कोंबड्यांवर येते, हा नेहमीचा अनुभव आहे. सुरू उसाला बारा महिने लागतात, आडसालीला सोळा ते अठरा. पुढे बिलाची वाट पाहायची ती वेगळीच. तोवर तेल-मीठ, पोरांच्या वह्या, दवाखान्याची चिठ्ठी हा वरखर्च पुष्कळ घरी चार-दहा कोंबड्यांवर निघतो, आणि हा पैसा घरच्या लक्ष्मीच्या हातात असतो. म्हणून कारभाऱ्यांनी हा लेख घरात सर्वांना वाचून दाखवावा, ही विनंती.

रिसोड तालुक्यात पैनगंगेच्या काठचे गाव असो की माळावरचे, कोंबडीविषयीचे समज बहुतेक सारखेच. त्यातले काही निरुपद्रवी आहेत, तर काही दरवर्षी घरचे नुकसान करतात. हलक्यापासून सुरुवात करू.

‘कोंबडा नसेल तर अंडी कुठली?’

अंडे घालायला कोंबडीला कोंबड्याची गरज नाही. तलंग पाच-सहा महिन्यांची झाली की ती आपसूक अंड्यावर येते. एक अंडे तयार व्हायला सुमारे 24 ते 26 तास लागतात, त्यातले 20 तास नुसते कवच बनण्यात जातात. कोंबडा लागतो तो पिलांसाठी. बिनकोंबड्याच्या अंड्यातून पिलू कधीच निघत नाही. महात्मा गांधींनीही आरोग्यावरच्या आपल्या पुस्तिकेत, ज्याला दूध चालते त्याला असे निर्जीव अंडे चालायला हरकत नसावी, असे म्हटले आहे. माळकरी मंडळींनी आपापल्या श्रद्धेप्रमाणे वागावे, त्यात आमचे काही म्हणणे नाही.

फोडलेल्या अंड्यात कधी रक्ताचा ठिपका दिसतो आणि ‘पिलू धरलं होतं’ म्हणून अंडे फेकले जाते. तो ठिपका म्हणजे कोंबडीच्या पोटात एखादी बारीक रक्तवाहिनी फुटल्याची खूण असते. ठिपका काढून अंडे खाता येते.

‘तांबूस कवच, पिवळाधमक बलक, म्हणजे ताकद जास्त’

कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. लेगहॉर्न पांढरे अंडे देते, ऱ्होड आयलंड रेड तांबूस. पोषणात त्यामुळे फरक पडत नाही. बलकाचा रंग येतो खाद्यातून. हिरवा पाला आणि पिवळा मका पोटात गेला की बलक गडद होतो. गावरान अंड्याला बाजारात चढा भाव मिळतो, तो जरूर घ्यावा. पण घरातल्या पोराला पांढरे अंडे मिळाले म्हणून त्याचे काही कमी झाले, असे समजू नये.

‘कच्चे अंडे पैलवानाचे, उन्हाळ्यात अंडे उष्ण’

दुधात कच्चे अंडे फेटून पिणारी तरणी पोरे गावोगाव आहेत. बेल्जियममध्ये 1998 साली याचा अभ्यास झाला. शिजवलेल्या अंड्यातली सुमारे 90 टक्के प्रथिने अंगी लागतात, तर कच्च्यातली जेमतेम 50 टक्के, असे त्यात दिसले. शिवाय कच्च्या अंड्यातून जुलाब-तापाचे जंतू पोटात जाण्याची भीती असते. म्हणजे निम्मे अंडे वाया आणि वर आजाराला आमंत्रण. अंडे उकडून खावे.

दुसरा समज याहून महागात पडतो. अंडे ‘उष्ण’ म्हणून गरोदर बाईला देत नाहीत, वयात येणाऱ्या मुलीला देत नाहीत. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने, शिवाय अ आणि ब-12 ही जीवनसत्त्वे असतात. ज्या घरात अंडे चालते, त्या घरात त्याची सर्वांत जास्त गरज याच दोघींना असते. कोंबड्यांना दाणे टाकायचे पोरीने, खुराडे झाडायचे पोरीने आणि अंडे मात्र तिच्या ताटात नाही, ही रीत बदलली पाहिजे. सगळी अंडी बाजारात न नेता घरच्या माणसांसाठी आधी काढून ठेवावीत.

उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र खरी आहे, ती म्हणजे अंडे लवकर खराब होते. कळपात कोंबडा असेल तर आपल्या वैशाखातल्या उन्हात अंड्यात आपोआप गर्भ वाढू लागतो. म्हणून अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत आणि ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवावीत.

‘अंडी धुऊन ठेवली की टिकतात’

उलट आहे. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर निसर्गाने एक पातळ थर दिलेला असतो. धुतले की तो थर जातो आणि घाण आत शिरते. अंडे मळले असेल तर कोरड्या फडक्याने पुसावे, धुवायचे ते वापरायच्या वेळी. अंडे पाण्यात तरंगले तर ते जुने आहे एवढेच समजावे. फोडून वास घ्यावा, मगच ठरवावे.

‘सोयाबीन चांगलं, मूठभर टाका’

आपल्याकडे सोयाबीन घरोघर आहे, त्यामुळे हा समज फार पसरला आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा घटक असतो. कोंबडी खाते, पण तिच्या अंगी लागत नाही आणि पिलांची वाढ खुंटते. सोयाबीन भाजून भरडलेलेच द्यावे. अंड्याचे कवच पातळ येत असेल तर चुना कमी पडतो आहे. एका कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते. शिंपल्यांचा चुरा द्यावा, किंवा घरातलीच टरफले भाजून बारीक कुटून द्यावीत. अख्खी टाकली तर कोंबडीला अंडी फोडायची खोड लागते.

ऊस उत्पादकांना एक सूचना. बेणेप्रक्रियेचे उरलेले औषध किंवा दाणेदार कीटकनाशक टाकलेल्या वावरात कोंबड्या सोडू नयेत. कोंबडी दाणा समजून ते टिपते आणि जागीच मरते. तसेच कोंबडीखत ताजे असताना उसाच्या बुडाशी देऊ नये. ते गरम असते, मुळी भाजते. कुजवून मग द्यावे.

‘खुडूक बसली, नाकात पीस घाला’

गावरान कोंबडी वर्षाला 50 ते 60 अंडी देते, कारण दर खेपेला बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते. तो तिचा स्वभाव आहे, आजार नव्हे. नाकात पीस घालणे, पाण्यात बुचकळणे हा नुसता छळ आहे. पिले नको असतील तर तिला तीन-चार दिवस हवा-उजेड लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, खाली मऊ काही न अंथरता, पण दाणा-पाणी देऊन ठेवावे. ती पुन्हा अंड्यावर येते. पिले हवी असतील तर आठवड्याच्या आतली अंडी बसवावीत, 21 दिवसांत पिले निघतात. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित जाती अंडी जास्त देतात, पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत. त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली घातली तरी पुढची पिढी तशी निपजत नाही. त्यांची पिले दर वेळी नव्याने आणावी लागतात.

‘मर येते ती येतेच’

आता सर्वांत महाग पडणारा समज. “साहेब, साथ येते, कोंबड्या जाते, त्याले काय इलाज हाये?” असे गावोगाव ऐकायला मिळते. हिरवट-पांढरी हगवण, धाप, पाय-पंख लुळे पडणे आणि मान वाकडी होणे, ही मानमोडीची लक्षणे आहेत. भारतात हा रोग 1927 साली कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत येथे आढळला, म्हणून त्याला राणीखेत म्हणतात. तो विषाणूचा रोग आहे. वाऱ्याचा नाही, नजरेचा नाही. लस नसलेल्या कळपात तो शिरला तर दहातल्या आठ-नऊ कोंबड्या जाऊ शकतात. दहा कोंबड्या म्हणजे वर्षाची पाच-सहाशे अंडी, हे लक्षात घ्यावे.

हळद, कांदा किंवा माणसाच्या दवाखान्यातली गोळी याला चालत नाही. इलाज नाही हे खरे, पण प्रतिबंध आहे आणि तो स्वस्त आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लस टोचून घ्यावी. पुढचे वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून समजून घ्यावे. टोचल्यावर दोन-चार दिवस कोंबडी मलूल राहते, अंडी थोडी घटतात. त्यावरून ‘लशीने अंडी बंद पडतात’ असे म्हणू नये. साथ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही, कारण लस अंगी लागायला आठ-पंधरा दिवस जातात.

खरी अडचण वेगळीच आहे. लशीची कुपी शंभर-दोनशे कोंबड्यांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी लागते. एका घरच्या आठ कोंबड्यांसाठी कोण आणणार? म्हणून हे काम गल्लीने मिळून करावे. बचत गटाने किंवा चार शेजारणींनी एक दिवस ठरवावा, थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणावी आणि दिवस उजाडायच्या आत, कोंबड्या खुराड्यात असतानाच, लसीकरण उरकावे.

मर लागली की कोंबड्या घाईने बाजारात विकणे किंवा मेलेल्या नाल्यात, उसाच्या फडात फेकणे, यानेच रोग गावोगाव जातो. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. मेलेली कोंबडी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी.

अफवांचेही तसेच. 2006 साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि राज्यभर लोकांनी अंडे सोडले. 2020 च्या सुरुवातीला कोंबडीतून कोरोना होतो अशी आवई उठली आणि कोंबड्या मातीमोल झाल्या. कोरोनाचा कोंबडीशी संबंध नव्हता. बर्ड फ्लूचा विषाणू 70 अंश उष्णतेला मरतो, म्हणून नीट शिजवलेल्या अंड्याची भीती नाही. मात्र एकाएकी अनेक पक्षी मेले तर हात न लावता ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

सभासदांनी पावसाळ्यापूर्वी आपापल्या गल्लीतील कोंबड्यांची यादी करावी आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लशीची चौकशी करावी. गटातील शेती कर्मचाऱ्यालाही यादी दाखवावी, म्हणजे शेजारच्या गल्ल्या जोडून एकच दिवस ठरवता येईल.

— ऊस विकास अधिकारी