एमडी, पीएचडी की दोन्ही? आधी प्रश्न ठरवा

दापोलीतून रेकॉर्ड केलेल्या एपिसोडचा हा लिखित भाग. गाडीत ऐकताना आकडे निसटतात, म्हणून इथे नीट मांडून देतोय.

प्रश्न असा: एमबीबीएस चालू आहे, रिसर्च करायचाय, पण पेशंट बघणंही सोडायचं नाही. मग एमडी-पीएचडी एकत्र करावं का? मी इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या सरांचा. मी फक्त हिशेब मांडतो.

आधी वर्षं मोजू. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं. एमडी ३. पीएचडी कमीत कमी ३, पण ४-५ सहज लागतात. अठराव्या वर्षी सुरुवात केली तरी सगळं संपेपर्यंत तिशी ओलांडते. त्यात नीट-पीजीसाठी एखादं वर्ष गेलं, सरकारी कॉलेजची १ वर्षाची बंधपत्रित सेवा आली, तर आणखी पुढे. पीएचडीची जेआरएफ फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. तोवर एमडी झालेला मित्र प्रॅक्टिसला लागलेला असतो. घरी कर्जाचा हप्ता असेल तर हे आधीच बोलून घ्या.

एकत्र कोर्स कुठे? अमेरिकेत एनआयएचच्या मदतीने १९६४ पासून चालतो. साधारण ८ वर्षं, फी माफ, वर स्टायपेंड. पण एनआयएचचा तो पैसा तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असतो. आपल्याकडे असे कोर्स मोजकेच. बंगळुरूच्या आयआयएससीने २०२२ मध्ये मेडिकल स्कूलची घोषणा केली, त्यात एमडी-पीएचडीची योजना आहे. बाकी बहुतेकजण एमडीनंतर वेगळी पीएचडी करतात. एमबीबीएसवरून थेट पीएचडीला घेणाऱ्या संस्थाही आहेत, उदाहरणार्थ बंगळुरूचीच एनसीबीएस.

मग निवडायचं कसं? आपल्या शेजारच्या महाडचं उदाहरण घ्या. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं दगावायची. त्यांनी रात्र रात्र पेशंटजवळ बसून हृदयावरचा परिणाम टिपला, प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं आणि १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. एमडी-पीएचडी कोर्स न करता, खाटेशेजारी राहून केलेला हा रिसर्च.

आता त्याच विंचवाबद्दल दुसरा प्रश्न विचारा: विषातली प्रथिनं नसांच्या पेशीतल्या सोडियम चॅनेलवर नेमकं काय करतात? याचं उत्तर वॉर्डात मिळत नाही. त्याला लॅब, गाइड आणि काही वर्षं लागतात. तिथे पीएचडी हवीच.

म्हणजे विंचू एकच, पण प्रश्न बदलला की वाट बदलते. पेशंटवर कोणता उपचार चालतो, हा तुमचा प्रश्न असेल तर चांगली एमडी, मन लावून केलेला प्रबंध आणि थोडं स्टॅटिस्टिक्स पुरतं. उपचार का चालतो, हे शोधायचं असेल तर पीएचडी. आणि दोन्हीकडे रोज ये-जा करायची असेल, तरच एकत्र कोर्सचा विचार करा.

फॉर्म भरण्याआधी ४ गोष्टी विचारा:

१. पीएचडी अर्धवट सुटली तर एमडी हातात राहते का?
२. ती एमडी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला मान्य आहे का?
३. लॅबच्या वर्षांत ओपीडी चालू राहते का?
४. गाइडचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत?

चौथ्याचं उत्तर वेबसाइटवर शोधू नका. त्या विद्यार्थ्यांनाच फोन लावा.

हा एपिसोड तुमच्या एमबीबीएसवाल्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!