गाडी पाणी खाते, पण कुठे?

खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर आहे आणि खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. मधला सगळा चढ बोरघाटाचा. कर्जतहून लोणावळ्याकडे निघणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात, कारण लोहमार्गाचा चढ ३७ ला १ इतका कडक आहे. ट्रकला असा मदतनीस नाही. म्हणून पंधरा-वीस वर्षं चाललेल्या ट्रकची दुखणी सपाटीवर झाकली जातात आणि घाटात उघडी पडतात. त्यातली नेहमीची तक्रार दुहेरी असते: गाडी पाणी खाते आणि धूर मारते. रेडिएटरमध्ये रोज लिटरभर पाणी घालावं लागतं, खाली थेंब दिसत नाही, मागे पांढरट धूर. गॅरेजमधला निकालही ठरलेला: ‘हेड गॅस्केट गेलं, हेड उतरवा.’

निकाल कधीकधी बरोबर असतो. पण त्यासाठी धुराची साक्ष काढली जाते, ती फार कच्ची आहे.

डिझेलमध्ये कार्बनबरोबर हायड्रोजन असतो आणि तो जळला की पाणी तयार होतं. हिशोब केला तर एक लिटर डिझेल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर पडतं. भरलेला जुना ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो असं धरू. दिवसाला अडीचशे किलोमीटर म्हणजे साठेक लिटर डिझेल, म्हणजेच साठेक लिटर पाणी. शिवाय हवेतला दमटपणा वेगळा. रेडिएटरमधलं रोजचं हरवलेलं लिटरभर पाणी खरोखर सिलिंडरमध्ये जात असलं, तरी ते दिवसभर थोडंथोडं गेलं तर या वाफेत दोन टक्क्यांचीही भर पडत नाही. एवढा फरक डोळ्याला दिसणं शक्य नाही. गरम सायलेन्सरमधली वाफ अदृश्यच असते, ती दिसते गार हवेत थिजल्यावर. डिसेंबरमध्ये कर्जतच्या पहाटे धडधाकट गाडीसुद्धा पांढरी वाफ सोडते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी थेंब धरते.

तेव्हा पाणी हळूहळू कमी होणं आणि भर दुपारी सतत पांढरा धूर येणं ही बहुधा दोन वेगळी दुखणी असतात. भरदुपारचा पांढरा धूर हे पुष्कळदा न जळलेल्या डिझेलचं धुकं असतं. नोजल थेंब गाळतं, पंपाचं टायमिंग मागे पडलेलं असतं किंवा रिंगा झिजून दाब बसत नाही. ओळखायला नाक पुरतं. वाफ दोन-चार हातांवर विरते; डिझेलचं धुकं रेंगाळतं आणि डोळ्यांना झोंबतं. निळसर धूर इंजिन ऑइलचा. घाटात ट्रॅफिक तुंबून गाडी तासभर आयडलवर उभी राहिली आणि निघताना निळा लोट आला, तर टर्बोच्या सीलकडे किंवा व्हॉल्व्हच्या गाइडकडे बघावं. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर झटका. पीयूसीचं यंत्र मात्र धुरातून प्रकाश किती अडतो तेवढंच मोजतं. धूर कशाचा, हे सांगणं त्याचं काम नाही.

आता पाण्याकडे. १६ टनांचा ट्रक पाचशे मीटर वर उचलायला जी ऊर्जा लागते, ती सव्वादोन लिटर डिझेलमध्ये साठवलेली असते. इंजिन त्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कामाला लावतं, म्हणजे नुसत्या उंचीपोटीच सहा-सात लिटर जळतं. उरलेली उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटर वाटून घेतात, तीही वेग मंदावलेला असताना, जेव्हा जाळीवर वारा लागत नाही. अशा वेळी पाणी उकळू न देण्याचं काम रेडिएटरची कॅप करते. तिने आत एक बार जादा दाब धरला तर साधं पाणीही १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कॅपचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली की दाब सुटतो, आणि खंडाळ्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांनाच उकळायला लागतं. चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद केलं तर पंप थांबतो, तापलेलं हेड पाण्याला आणखी तापवतं, आणि ते ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं. सगळ्यात स्वस्त भाग, आणि तोच सगळ्यात शेवटी तपासला जातो!

गॅस्केट खरंच फुटलं असेल तर वर्तन वेगळं दिसतं. जळताना सिलिंडरमधला दाब शंभर बारच्या घरात जातो, पाण्याचा असतो जेमतेम एक. त्यामुळे चढावर ताण असताना पाणी आत जात नाही, उलट वायू पाण्यात घुसतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, होज दगडासारखा कडक होतो, पाणी बाहेर फेकलं जातं. इंजिन बंद झालं की वारं फिरतं. आता पाण्याचा दाब वरचढ, आणि ते रात्रभर सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर मिस करतो आणि पांढरा भपकारा येतो. तोच भपकारा साक्षीला घ्यावा. पाणी जास्त साचलं असेल तर पिस्टन वर येताना त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून संशय असेल तर स्टार्टर मारत बसू नये.

पण बुडबुडे दिसले तरी हेडला हात लावायची घाई नको. ट्रकला एअर ब्रेक असतात आणि हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचं डोकं अनेक गाड्यांत इंजिनच्याच पाण्यावर गार होतं. त्याचं छोटं गॅस्केट फुटलं की हवा रेडिएटरमध्ये येते आणि पाणी हवेच्या टाकीत जातं. लक्षणं हुबेहूब हेड गॅस्केटची. टाकीचा कॉक उघडून रंगीत किंवा गोडसर वासाचं पाणी येतं का बघावं. चाखू मात्र नये, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. टाकी भरून कॉम्प्रेसर मोकळा फिरायला लागल्यावर बुडबुडे थांबले, तर चोर सापडला.

बाकी तपास गार इंजिनवर करायचा. रेडिएटरला हातपंप लावून कॅपवर लिहिला असेल तेवढा दाब भरावा आणि काटा उतरतो का पाहावं. वॉटर पंपाखालचं बारीक भोक, होजच्या क्लिपा, ऑइल कूलर इथे गळती असली तरी गरम लोखंडावर ती सुकून जाते, म्हणून खाली थेंब दिसत नाही. मागे राहतो तो पांढरा किंवा हिरवट डाग. रात्रभर उभ्या गाडीचा चेंबरचा ड्रेन बोल्ट हळूच सैल केला तर तळाशी बसलेलं पाणी ऑइलच्या आधी येतं. ब्रोमोथायमॉल ब्लू या द्रावाची एक परीक्षाही आहे: रेडिएटरमधली हवा त्यातून नेली आणि तीत कार्बन डायऑक्साइड असला तर निळा रंग पिवळ्याकडे सरकतो. पण आयडलवरच्या डिझेल इंजिनच्या धुरात हा वायू दोन-तीन टक्केच असतो, त्यामुळे रंग अनेकदा हिरव्यावरच अडतो. तेवढं हिरवंही पुरावा समजावं.

सापडलेली गळती बंद केली तरी एक नुकसान आधीच सुरू झालेलं असू शकतं. रोजची तूट भरायला कधी बोअरवेलचं पाणी पडतं, पावसाळ्यात घाटातल्या झऱ्याचं. सह्याद्रीच्या बेसाल्टमधल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, त्याचा थर आत चढतो. झऱ्याचं पाणी मऊ असतं, पण दर लिटरमागे कूलंटमधली रसायनं पातळ होत जातात. ज्या इंजिनांत लायनरची बाहेरची बाजू थेट पाण्यात असते, तिथे पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटताना लोखंडाचे कण उपटतात. नायट्रायटसारखी रसायनं लायनरवर संरक्षक थर धरून हे थोपवतात. ती संपली की बाहेरून आत टाचणीएवढी भोकं पडत जातात. मग हेड उतरवून नवं गॅस्केट बसवलं, हेडला फेस मारला, तरी गाडी पाणी खातच राहते, कारण पाणी गॅस्केटच्या खालून, लायनरमधून जात असतं.