‘आदालेत’ आणि ‘अदालत’: एका मतभेदाचा भाषिक विचार

‘शाहसियेत’ ही तुर्की गुन्हेगारी मालिका 2018 साली प्रसृत झाली. तीतील भूमिकेसाठी हालुक बिल्गिनेर यांस 2019 चे आंतरराष्ट्रीय एमी पारितोषिक लाभले. न्यायालयातून निवृत्त झालेला कारकून स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावर एका जुन्या गुन्ह्यातील दोषींना ठार करू लागतो. त्याचे कृत्य न्याय्य मानावे काय, हा प्रेक्षकांपुढील प्रश्न होय.

लोहा परिसर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राजभाषा उर्दू होती. तुर्की संवादातील ‘आदालेत’ हा शब्द येथील श्रोत्यास साहजिकच ‘अदालत’, म्हणजे न्यायकचेरी, असा भासेल. परंतु तुर्कीत त्याचा अर्थ ‘न्याय’ हा गुण. न्यायालयास तेथे ‘माहकेमे’ म्हणतात. मूळ अरबी अर्थही गुणवाचकच आहे. फारसी-उर्दूच्या परंपरेने मराठीत आलेला हा शब्द मात्र लक्षणेने स्थळवाचक झाला. ‘लोकअदालत’ हे त्याचे प्रचलित उदाहरण.

तेव्हा नायक ‘माहकेमे’बाहेर ‘आदालेत’ शोधतो, हे विधान तुर्कीत सुसंगत ठरते. आपल्या ‘अदालत’ शब्दाने ते करता येत नाही. तथापि, गुण व स्थान यांस भिन्न शब्द असले, म्हणून एकास दुसऱ्यावाचून चालेल असे सिद्ध होत नाही. नायकाचा पक्ष घेणाऱ्याने हा विवेक सोडू नये.