स्वमग्न मुले आणि आनुवंशिक विकार

तीन वर्षांचे मूल हाकेला ओ देत नाही, नजरेला नजर मिळवीत नाही आणि एकच खेळ तासन्‌तास खेळत राहते. अशा लक्षणसमूहास स्वमग्नता म्हणतात. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे बराच काळ मातेच्या कोरड्या वागणुकीस दोष दिला गेला. तो समज निराधार ठरला आहे. काही मुलांत मात्र स्वमग्नतेसोबत एखादा निश्चित आनुवंशिक विकारही असतो. तो वेळीच ओळखणे मुलाच्या व कुटुंबाच्या हिताचे असते.

त्यांपैकी एक म्हणजे ‘फ्रॅजाइल एक्स’. एक्स गुणसूत्रावरील एका जनुकात तीन अक्षरांचा एक गट पुन्हा पुन्हा येतो. ही पुनरावृत्ती २०० च्या पुढे गेली, की जनुकाचे कार्य बंद पडते व मेंदूच्या वाढीस आवश्यक असे प्रथिन तयार होत नाही. हे जनुक १९९१ साली सापडले. लांबट चेहरा, मोठे कान व बौद्धिक वाढीतील मंदपणा ही याची लक्षणे होत. वाहक माता बहुधा स्वतः निरोगी दिसते. परंतु सदोष गुणसूत्र अपत्याकडे जाण्याची शक्यता प्रत्येक गर्भारपणात निम्मी असते. म्हणून निदानानंतर पुढील अपत्याविषयी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मुलाच्या मावशीच्या कुटुंबासही याची कल्पना देणे योग्य ठरते.

दुसरा विकार ‘ट्यूबरस स्क्लेरोसिस’. यात त्वचेवर पानाच्या आकाराचे फिकट डाग दिसतात. घरोघरी असे डाग जंतांचे समजून दुर्लक्षिले जातात. परंतु डागांसोबत अर्भकास एकापाठोपाठ झटके येत असतील, तर विलंब करू नये. झटके लवकर आटोक्यात आणणे मेंदूच्या वाढीसाठी महत्त्वाचे असते व त्यावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. या विकारात मूत्रपिंडातही गाठी होतात. त्यामुळे नियमित तपासणी आयुष्यभर करावी लागते. बहुतेक रुग्णांत हा जनुकीय दोष नव्यानेच उद्भवलेला असतो.

‘रेट’ हा विकार मुख्यतः मुलींत आढळतो. सुमारे सहा ते अठरा महिन्यांपर्यंत वाढ ठीक वाटते. नंतर शिकलेले शब्द व हातांचा उपयोग हरपतो आणि मुलगी हात सतत चोळीत राहते.

रक्ताच्या जनुकीय तपासणीने या विकारांचे निदान होऊ शकते. निदानाने विकार नाहीसा होत नाही. तथापि उपचारांची दिशा ठरते आणि कोणाचे चुकले, या व्यर्थ प्रश्नातून आईवडिलांची सुटका होते.