उसनी धमाल, घरची मजा

धनंजय माने मूळचे बंगाली. पुण्यात हे वाक्य जपून उच्चारावं, पण 'अशी ही बनवाबनवी'ची कुंडली तसंच सांगते. १९५५ साली 'जय माँ काली बोर्डिंग' हा विनोदी बंगाली चित्रपट आला. त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६मध्ये हिंदीत 'बीवी और मकान' काढला, जो आज नावानेही फारसा कुणाला आठवत नाही. मग १९८८ साली सचिन पिळगावकरांनी, वसंत सबनीसांच्या लेखणीला हाताशी धरून, तो आपल्या मराठीत आणला. बिऱ्हाड मिळावं म्हणून दोघांनी बायकांची सोंगं घ्यायची, एवढा सांगाडा उसना. लीलाबाई काळभोरांचा बंगला, लिंबू कलरची साडी आणि विश्वासराव सरपोतदारांच्या मधुमेहापायी 'वारलेले' सत्तर रुपये हे मात्र इथलं पीक. सरपोतदार झालेल्या सुधीर जोशींचा तो चेहरा बघा: पैसे बुडाल्याचा संताप करावा की माणूस गेल्याचं दुःख, हे न ठरल्यामुळे अर्ध्यातच अडकलेला. कुठल्याही भाषेतून असला चेहरा उसना मिळत नाही.

कुणी विचारलं की सुट्टीत काय पाहिलंस, तर मी हल्ली सरळ सांगते: बनवाबनवी, परत एकदा. समोरचा एखाद्या इराणी दिग्दर्शकाचं नाव घेऊन बसलेला असतो. असू दे. हलकंफुलकं बघायला लाज कसली? उलट त्याची वंशावळ काढायला बसलं, की भल्याभल्या गंभीर सिनेमांपेक्षा जास्त करमणूक होते.

'धूमधडाका'चंच घ्या. महेश कोठारेंचं हे दिग्दर्शनातलं पदार्पण, साल १९८५. मूळ तमिळ, श्रीधर यांचा 'कादलिक्क नेरमिल्लै', १९६४चा. दोनच वर्षांनी त्याचा हिंदीत 'प्यार किये जा' झाला. तिन्हींत एक प्रसंग अगदी ठाण मांडून आहे. सिनेमा काढायचं वेड लागलेला पोरगा पैसेवाल्या बापाला भयकथा ऐकवतो. तमिळमध्ये नागेश सांगतो आणि बालैया ऐकतात, हिंदीत मेहमूद आणि ओमप्रकाश, मराठीत लक्ष्मीकांत बेर्डे आणि शरद तळवलकर. सांगणारा हातवारे करतो, तोंडानेच पार्श्वसंगीत देतो, टाळ्या तोच घेऊन जातो. माझं मत जरा वेगळं आहे. हा प्रसंग ऐकणाऱ्याचा आहे. बाप जितका खुर्चीत अंग चोरून बसेल, तितका पोरगा भारी वाटतो. पुन्हा कधी लागला, तर पाच मिनिटं फक्त तळवलकरांकडे बघा. आणि हो, 'व्याख्या विख्खी वुख्खू'ही याच सिनेमातलं, अशोक सराफांचं.

तात्या विंचूचा चुलतभाऊ तर थेट अमेरिकेत निघतो. १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये मरणारा गुंड बाहुलीत शिरतो आणि चकी होतो. १९९३च्या 'झपाटलेला'त तेच घडतं, फक्त मंत्र बाबा चमत्कारकडून मिळतो. बाहुला घडवला रामदास पाध्येंनी, ज्यांच्याकडे वडिलांपासूनचे अर्धवटराव नांदतायत. गंमत अशी, की तात्या विंचू म्हणजे दिलीप प्रभावळकर. महाराष्ट्राच्या लाडक्या चिमणरावांनी आणि टिपऱ्यांच्या आबांनी एका अख्ख्या पिढीला रात्री एकटीने पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही! भाच्याच्या कपाटात बाहुली दिसली, की मी अजून तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवते.

सिनेमातून टीव्हीवर जाणारा पूल पुन्हा सचिनच. १९८४च्या 'नवरी मिळे नवऱ्याला'ची नायिका सुप्रिया, पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न. आणि २००५ साली 'नच बलिये' सुरू झालं, तेव्हा तिशी-पस्तिशीतल्या चटपटीत जोड्यांना मागे टाकून पहिलं पर्व जिंकलं ते याच जोडीने. पुढे 'एकापेक्षा एक'ने सचिनना 'महागुरू' केलं. ही पदवी काही मंडळी आदराने वापरतात, काही मिश्कीलपणे. दोन्हींत मजा आहे.

गाण्याच्या स्पर्धांमध्ये परीक्षकांचे डोळे पाणावले, की मी सरळ पुढे ढकलते. अपवाद एकच, २००८-०९चे 'लिटल चॅम्प्स'. कार्तिकी गायकवाड जिंकली, पण घराघरांत पंचरत्नं पाचही होती. २०२१मध्ये हीच पाच मुलं परीक्षकांच्या जागी बसली, तेव्हा आपलं वय झाल्याचा साक्षात्कार अख्ख्या महाराष्ट्राला एकदम झाला. त्यातले प्रथमेश लघाटे आणि मुग्धा वैशंपायन २०२३च्या डिसेंबरात लग्न करून मोकळे झाले. कुठल्या पटकथाकाराने हे लिहिलं असतं, तर आपणच म्हणालो असतो, काहीतरीच काय!

'होम मिनिस्टर'ची जातकुळी हळदीकुंकवाची. आदेश भावोजी २००४ साली दारात उभे राहिले आणि २०२२पर्यंत वहिनींना खेळवत राहिले. शेवटच्या वर्षी तर 'महामिनिस्टर'मध्ये बक्षीस होतं अकरा लाखांची पैठणी. अकरा लाखांची साडी नेसून वरण-भाताच्या पंगतीला बसायचं कसं, हा प्रश्न कार्यक्रमात कुणी विचारल्याचं आठवत नाही.

आता माझी खरी कमजोरी. 'बिग ब्रदर' १९९९ साली नेदरलँड्समध्ये सुरू झालं. नाव ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीतून उचललेलं, म्हणजे एका भयाण इशाऱ्यातून निघालेली ही करमणूक. हिंदीत २००६ साली 'बिग बॉस' झालं. पहिला सूत्रसंचालक अर्शद वारसी, हे सलमानभक्तांना सांगून बघा, पैज जिंकाल. मराठीत यायला २०१८चा एप्रिल उजाडला. पहिल्या पर्वाचं घर लोणावळ्यात होतं. म्हणजे जून-जुलैच्या पावसात अख्खी मुंबई-पुणेकर जनता जिथे भजी खायला धावते, तिथे राहून ही मंडळी शिधा पुरवून पुरवून खात होती!

आणि त्याची मराठी आवृत्ती कुठे मराठी होते, तर शनिवार-रविवारी. महेश मांजरेकरांच्या वेळी 'चावडी' भरायची, २०२४ला रितेश देशमुख आले आणि तिचा 'भाऊचा धक्का' झाला. त्या वर्षी जिंकला बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण, आणि २०२५मध्ये केदार शिंदेंचा 'झापुक झुपूक' हा सिनेमा त्याच्यावरच उभा राहिला. पूल उलट्या बाजूनेही चालतो म्हणायचा.

मला टास्कमध्ये रस नाही. ढकलाढकली, दोऱ्या, चिखल, बझर, सगळं सारखंच. मी बघते ते स्वयंपाकघर. घरात फोन नाही, घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही, मग माणसाचं सगळं राजकारण कणकेच्या परातीत उतरतं. कुणी जास्तीची पोळी घेतली, कुणी चहात दुसऱ्याच्या वाट्याची साखर घातली, कुणी भांडी न घासता पलंगावर लोळलं. हे भांडण लेखकाला लिहून देता येणार नाही, कारण ते प्रत्येक घरात आधीच पाठ आहे. माझ्या सासूबाईंचा ठाम दावा, की हे सगळं ठरवून केलेलं असतं. तरी नऊ वाजता कुकरची शिट्टी झाली, तर आवाज वाढवायला रिमोट त्याच शोधतात.