विश्लेषण : नाशिकमध्ये चांगला ‘फो’ ओळखायचा कसा? मिसळीचा रस्सा पारखणाऱ्यांना हे अवघड का नाही?

चांगली मिसळ कुठे मिळते, हे नाशिककराला विचारावे लागत नाही. तो आपणहून सांगतो. पण व्हिएतनामची सहल करून आलेल्या एखाद्याने ‘तिथे खाल्ला तसा फो इथे कुठे मिळेल?’ असे विचारले, तर उत्तर सोपे नसते. द्वारका चौकातून एक रस्ता मुंबईला जातो, एक धुळ्याला आणि एक पुण्याला. चांगल्या फोकडे नेणारा रस्ता मात्र ज्याचा त्याने शोधायचा असतो. मुंबईहून व्हिएतनामला थेट विमाने २०२२ मध्ये सुरू झाली, २०२४ मध्ये पाच लाखांच्या आसपास भारतीय तिथे जाऊन आले आणि मेन्यू कार्डांवर ‘व्हिएतनामी’ हा शब्द ओळखीचा होऊ लागला. पण मेन्यूवर नाव असणे आणि वाडग्यात तो पदार्थ असणे यात अंतर आहे. ते ओळखायचे कसे?

फो म्हणजे नेमके काय?

तांदळाच्या चपट्या, पांढऱ्या शेवया, त्यांवर मांसाचे पातळ काप, वरून कांद्याची पात आणि कोथिंबीर, आणि या सगळ्यावर ओतलेला उकळता, पारदर्शक रस्सा, म्हणजे फो. व्हिएतनामी भाषेत ‘फो’ हे नाव मुळात या शेवयांशी जोडलेले असले, तरी वाडग्याचा जीव रश्श्यात असतो. गोमांसाच्या फोला ‘फो बो’ म्हणतात आणि कोंबडीच्या फोला ‘फो गा’.

उच्चाराबाबत मराठी माणूस सुदैवी आहे. मूळ उच्चार ‘फो’ नाही. मराठी ‘अ’ लांबवून म्हटलेल्या ‘फऽ’च्या तो जवळ जातो, तोही प्रश्न विचारल्यासारखा खाली जाऊन वर येणारा. अर्थात, ‘फो’ म्हटले तरी हॉटेलात कोणी अडवत नाही.

तो आला कुठून?

उत्तर व्हिएतनाममधून. हनोई आणि त्याच्या दक्षिणेचा तत्कालीन नाम दिन्ह प्रांत ही त्याची दोन माहेरे मानली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला तिथे फ्रेंचांची सत्ता होती. फ्रेंचांमुळे गोमांसाची मागणी वाढली आणि उरलेली हाडे स्वस्तात मिळू लागली. चिनी शेवया-सुपाची परंपरा आधीपासून होतीच. खांद्यावर कावड घेऊन, एका बाजूला रश्श्याचे भांडे आणि दुसऱ्या बाजूला शेवया-वाडगे, असे फिरते विक्रेते गल्लोगल्ली फो विकत.

१९५४ मध्ये देशाची फाळणी झाली. उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले आणि फोही त्यांच्याबरोबर सायगावला पोहोचला. तिथे त्याच्या शेजारी हिरव्या पानांचे ताट, मोड आलेले मूग, लिंबू, मिरची आणि गोडसर सॉस आले. १९७५ नंतर निर्वासितांबरोबर तो अमेरिका, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियात गेला. त्यामुळे आज जगभर मिळणारा फो बहुतेक दाक्षिणात्य वळणाचा असतो. उत्तरेचा फो साधा, कमी पानांचा आणि रश्श्यावर भिस्त ठेवणारा. हनोई आणि नाम दिन्हच्या फोला व्हिएतनाम सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

महाराष्ट्रातल्या वाडग्यात काय असते?

इथे कायद्याचा संबंध येतो. राज्यात १९७६च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होतीच. २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने ती बैल आणि वळूंपर्यंत नेली. म्हणजे मूळचा ‘फो बो’ इथे जसाच्या तसा मिळणे शक्य नाही. म्हैसवर्गीय जनावरे या संपूर्ण बंदीत येत नाहीत. त्यामुळे मेन्यूवर असे मांस दिसलेच, तर ते कोणते, हे विचारणे ग्राहकाचा हक्क आहे. अन्यथा आपल्याकडच्या वाडग्यात कोंबडी असते, समुद्री मासळी असते किंवा भाज्या असतात.

मग इथला फो नकली ठरतो का? नाही. कोंबडीचा फो हनोईतच जन्मला. १९३९च्या सुमारास तिथे आठवड्यातून दोन दिवस गोमांस विक्री बंद असे, तेव्हा विक्रेत्यांनी कोंबडी वापरायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. आज ‘फो गा’ची स्वतंत्र दुकाने तिथे आहेत. शाकाहारी फोही परदेशी हॉटेलांची सोय म्हणून आलेला नाही. व्हिएतनाममधले अनेक बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस वर्ज्य करतात. आपल्याकडे एकादशीला हॉटेलांच्या फलकावर साबुदाणा येतो, तसा तिथे त्या दिवशी ‘फो चाय’ येतो. तेव्हा प्रश्न वाडग्यात कोणते मांस आहे हा नसून, रस्सा मनापासून केला आहे की नाही, हा आहे.

मध्यम आकाराच्या शहरात तो दुर्मीळ का?

पहिले कारण वेळ. हाडे आधी उकळून, धुऊन घ्यायची; मग ताज्या पाण्यात मंद आचेवर गोमांसाच्या हाडांना सहा ते बारा तास आणि कोंबडीला दोन-तीन तास द्यायचे. रटरट उकळले की रस्सा गढूळ होतो. वर येणारा फेस सतत काढावा लागतो. एवढ्या कष्टाचे पातेले दिवसाला चार वाडग्यांसाठी चढवणे कोणालाच परवडत नाही. गिऱ्हाईक कमी असले, की मग क्यूब, पावडर किंवा फ्रीजरमधला साठा वापरला जातो.

दुसरे कारण मेन्यूची लांबी. हनोईत नावाजलेली दुकाने बहुधा एकच पदार्थ विकतात. नाशिकमध्ये मिसळीचे तेच आहे. पंचवटीतली अंबिका, सातपूरची श्यामसुंदर किंवा चुलीवरच्या मिसळीसाठी ओळखली जाणारी साधना यांच्याकडे लोक एका पदार्थासाठी जातात आणि म्हणून पातेले रोज रिकामे होते. जिथे मोमो, सुशी, थाई करी, मांचुरियन आणि फो एकाच स्वयंपाकघरातून येतात, तिथे फोचे स्वतंत्र पातेले असण्याची शक्यता कमी.

तिसरे कारण ताजा माल. व्हिएतनाममध्ये शेवया त्या दिवशीच्या असतात. इथे सुक्या पाकिटावर भागवावे लागते. त्याने बिघडत नाही, पण त्या नीट भिजवून, ऐन वेळी काही सेकंद उकळत्या पाण्यातून काढाव्या लागतात. आधीच शिजवून ठेवल्या, तर लगदा होतो.

हॉटेल शोधताना काय पाहावे?

मोबाइलवर शोध घेताना ताऱ्यांपेक्षा फोटो पाहावेत, तेही हॉटेलने टाकलेले नव्हे, ग्राहकांनी टाकलेले. रस्सा पारदर्शक, सोनेरी-तपकिरी दिसतो का? शेवया पांढऱ्या आणि चपट्या आहेत का? पिवळ्या गव्हाच्या नूडल्स, घट्टसर सूप किंवा लालभडक रंग दिसला, तर तो दुसरा काहीतरी पदार्थ आहे.

जाण्यापूर्वी फोन करून तीन प्रश्न विचारावेत. रस्सा इथेच आणि रोज करता का? कशाचा करता? संपतो का? तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ‘नऊनंतर मिळेल की नाही सांगता येत नाही’ हे उत्तर ऐकून नाराज होऊ नये. तेच चांगल्या फोचे लक्षण. ‘कधीही या, मिळेल’ हे उत्तर मिसळीच्या बाबतीत आपण कसे घेतो, ते आठवावे.

‘बुन बो ह्वे’, ‘मी क्वांग’ आणि ‘हू तिएऊ’ ही नावेही मेन्यूवर दिसू शकतात. ही फोची रूपे नाहीत. पहिले ह्वे शहराचे, गवती चहा घातलेले, गोल शेवयांचे तिखट सूप. दुसऱ्यात हळदीच्या पिवळ्या शेवया, थोडासाच रस्सा आणि वर शेंगदाणे. तिसरे दक्षिणेचे, डुकराचे मांस आणि कोळंबीचे. हे फरक सांगू शकणारा वाढपी भेटला, तर स्वयंपाकघराबद्दल निम्मी खात्री झाली समजावे.

वाडगा समोर आल्यावर?

लिंबू पिळण्याआधी, सॉस घालण्याआधी चमचाभर रस्सा तसाच प्यावा. मिसळीत पाव बुडवण्याआधी आपण नुसता रस्सा चाखतो, तसाच. आधी सुगंध यायला हवा: चक्रीफूल, दालचिनी, भाजलेले आले. मग मांसाची किंवा भाज्यांची गोडी, आणि शेवटी मीठ. नुसते मीठ आणि जिभेवर रेंगाळणारी एकसुरी चव आली, तर ती पावडरीची. वर तेलाचे बारीक थेंब हवेत, जाड तवंग नको. तर्री मिसळीला शोभते, फोला नाही.

रस्सा वाफाळता नसेल, तर वाडगा परत पाठवण्यात संकोच करू नये. शेवया उचलल्यावर तुटत असतील, तर त्या सकाळीच शिजल्या होत्या. पहिल्या घासालाच भरपूर सॉस घालावासा वाटला, तर रश्श्यात दम नव्हता.

शाकाहारींनी काय विचारावे?

भाज्या आणि टोफू घातला म्हणजे सूप शाकाहारी होत नाही. व्हिएतनामी स्वयंपाकात मिठाच्या जागी ‘नुओक माम’ हा माशांचा सॉस सर्रास वापरतात. तो छोटे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून करतात. म्हणून ‘व्हेज आहे ना?’ असे मोघम विचारू नये. ‘रस्सा कोंबडीचा की भाज्यांचा? फिश सॉस आहे का?’ असे सरळ विचारावे. चांगल्या शाकाहारी रश्श्यात मुळा, गाजर, मक्याचे कणीस आणि सुके मशरूम यांची गोडी असते.

मासे, कोळंबी, शेंगदाणे किंवा सोयाची ॲलर्जी असलेल्यांनीही हेच करावे. शेवया तांदळाच्या असल्या, तरी सोबतच्या सॉसमध्ये गहू असू शकतो. बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असणे जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. तक्रार करण्याची वेळ आली, तर तो उपयोगी पडतो.

पार्सल मागवावे का?

कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरून निघालेले पार्सल द्वारकेच्या कोंडीत सापडले, की शेवया रस्सा पिऊन फुगतात. त्यामुळे रस्सा आणि शेवया वेगवेगळ्या डब्यांत देणाऱ्याकडूनच मागवावे. घरी रस्सा खळखळून उकळावा, शेवया गरम पाण्यातून काढाव्यात आणि मगच एकत्र कराव्यात. दोन्ही एकाच डब्यात येणार असतील, तर तिथे बसून खाणेच बरे.

घरी जमेल का?

जमेल, आणि साहित्यासाठी फार लांब जावे लागत नाही. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धने, मसाला वेलची हे सगळे आपल्या काळ्या मसाल्याच्या डब्यातलेच. व्हिएतनामी स्वयंपाकात कांदा आणि आले थेट जाळावर काळे होईस्तोवर भाजतात. वाटणासाठी कांदा-खोबरे भाजणाऱ्या घराला हे शिकवावे लागत नाही. कांद्याचे तर विचारूच नका, लासलगाव याच जिल्ह्यात आहे. रश्श्यात घालायची गोडीही ओळखीची: खडीसाखर.

चार जणांसाठी किलोभर कोंबडी हाडांसह, तीन लिटर पाणी, दोन भाजलेले कांदे, बोटभर लांबीचा भाजलेला आल्याचा तुकडा आणि कोरड्या भाजलेल्या मसाल्याची पुरचुंडी, एवढे मंद आचेवर दोन-अडीच तास ठेवावे. अर्ध्या तासाने मांस शिजले, की ते काढून हाडे परत टाकावीत. शेवटी गाळून मीठ आणि फिश सॉस घालावा. पाकिटातल्या तांदळाच्या चपट्या शेवया साध्या पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात. कोकणातल्या शिरवळ्या ज्यांनी खाल्ल्या आहेत, त्यांना तांदळाच्या शेवया नव्या नाहीत. व्हिएतनामी तुळस मिळाली नाही, तर सब्ज्याच्या झाडाची पाने चालतात. दोन्ही एकाच जातीच्या वनस्पती. अंगणातली तुळस मात्र वेगळी आणि चवीला उग्र.

एकदा घरी केला, की आणखी एक फायदा होतो. तीन तास पातेल्याजवळ उभे राहिल्यावर खरा रस्सा कसा लागतो हे जिभेला कळते. मग हॉटेलच्या पाटीवर काय लिहिले आहे, यापेक्षा पहिला चमचा काय सांगतो, यावर विश्वास बसतो. शहरात चांगला फो टिकेल तोही त्यामुळेच. गिऱ्हाईक चाखून, विचारून आणि पुन्हा येऊन खाऊ लागले, की पातेले रोज चढवणे हॉटेलवाल्यालाही परवडते. नाशिकची मिसळ अशीच मोठी झाली.